मोह आणि मनाची साक्ष



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. विषय मोठा आहे. पण मंडळाने सोपविला, म्हणून चार शब्द बोलते.

मोह म्हटला की आपल्याला पैसा, दागिना, फार तर गोडधोड आठवते. ख्रिस्ती धर्मग्रंथात मोहाची आणखी एक जात दाखविली आहे. येशूला धरून नेले त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र मुख्य याजकाच्या वाड्यात शेकत बसला होता. हाही त्याच्याबरोबरचाच, असे एक दासी म्हणाली, आणि पेत्राने ओळख नाकारली. असे तीनदा झाले. तोच कोंबडा आरवला. पेत्राला कोणी पैसे देऊ केले नव्हते. त्याला मोह पडला तो आपला जीव सांभाळण्याचा. मनाची साक्ष जागी झाली तेव्हा तो बाहेर जाऊन रडला. पण नुसता रडत बसला नाही. पुढे त्याच गुरूचे नाव घेऊन चार लोकांत उभा राहिला.

असाच झगडा आपल्या मराठी मुलखात एका बाईने केला. त्या म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे फार कडक. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या, काही काळ आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात. पुढे नगरला पतीजवळ आल्या, तरी चूल वेगळी आणि सोवळे तसेच. पतीने बळजबरी केली नाही. पण मन आतून विचारू लागले, की माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी शिवाशिव सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कोणी कोणता धर्म घ्यावा हा माझा विषय नाही. लोक काय म्हणतील, या भीतीपेक्षा त्यांनी मनाची साक्ष मोठी मानली, एवढेच मला सांगायचे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकू करतो. ज्या भगिनीचे पती गेले, तिला बोलवावे की नाही, हा प्रश्न निघाला की सगळ्या गप्प होतो. मन सांगते, बोलवावे. लगेच दुसरा आवाज उठतो, की सासूबाई काय म्हणतील, आळीतल्या बायका येणे बंद करतील. हाच आपला मोह, भगिनींनो! त्यात पैसा नाही, पण चांगले म्हणवून घेण्याची हाव आहे. पेत्राला घेरले ते याच्याच भावंडाने.

आपल्याच करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथांविरुद्ध मोहीम काढली. आपल्यामागे पत्नीवर अशी सक्ती होऊ नये, असे त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. ठराव झाला, परिपत्रक निघाले. पण आपल्या उंबऱ्याशी उभ्या असलेल्या भगिनीला आत या म्हणायचे ते आपल्यालाच. ते काम कागद करीत नाही.

मनाची साक्ष ही देवापुढच्या समईसारखी आहे. रोज तेल घातले तर जळते. एक दिवस, दोन दिवस विसरलो की वात काजळते आणि मग अंधाराचीच सवय होते. म्हणून माझी विनंती आहे, की येत्या संक्रांतीचे आमंत्रण प्रत्येक घरी जावे आणि त्या घरातल्या प्रत्येक बाईला जावे. हळदीकुंकवाचे बोट पुढे करावे. लावून घ्यायचे की नाही, हे त्या भगिनीने ठरवावे. आपण आधीच ठरवू नये. पहिल्या वर्षी चार बायका नाके मुरडतील. मुरडू द्याव्या.