सेहऱ्याआडचा चेहरा

माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. एके दिवशी तो म्हणाला, "मामू, कॅमेरा बदलायचाय. त्या दुसऱ्या कंपनीचा ऑटोफोकस फार वेगवान आहे." आता कंपनी बदलायची म्हणजे लेन्ससकट सगळा संसार बदलायचा, एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला सरळ बसत नाही. त्यासाठी माझी बहीण हातातल्या बांगड्या गहाण ठेवायला निघाली होती.

ही शर्यत जुनी आहे. १९८५ साली मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला. फोकस साधणारी मोटर कॅमेऱ्यातच होती. १९८७ मध्ये कॅननने मोटर लेन्समध्ये घातली, पण त्यासाठी लेन्स बसवायची जुनी रचनाच मोडीत काढली. निकॉनने १९५९ पासूनची रचना जपली, जुन्या गिऱ्हाइकाला सांभाळलं. पुढे मोटर मात्र त्यांनीही लेन्समध्ये नेली. आणि पहिली मोठी मुसंडी मारणारी मिनोल्टा? कोनिकाशी एक झालेली ती कंपनी २००६ मध्ये कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली आणि तो वारसा सोनीकडे गेला. आज पुढे असलेला उद्याही पुढेच असेल, असं नाही.

मी भाच्याला म्हटलं, "आधी एक दिवस भाड्यानं आण." एका निकाहला तो दोन्ही कॅमेरे घेऊन गेला. तोच उजेड, तेवढ्याच ताकदीच्या लेन्स. एरवी तुलनेला अर्थ नाही. वरातीत नाचणाऱ्यांचे फोटो नव्या कॅमेऱ्यानं सरस काढले. तो डोळा ओळखतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही. जुन्याचे बरेच फोटो धूसर आले.

मग नवरदेव सेहरा बांधून बसला. दोन्ही कॅमेऱ्यांनी फुलंच टिपली, चेहरा मागं धूसर! लेन्सच्या दोन बाजूंनी येणारा प्रकाश ताडून फोकस किती चुकला ते कॅमेऱ्याला कळतं. पण फुलं हवीत की चेहरा, हे त्या मोजमापाला कळत नाही. डोळा ओळखायचा तर आधी तो दिसायला हवा. मुंडावळ्यांचं तसं नसतं, त्या चेहऱ्याच्या कडेनं लोंबतात.

भाच्यानं फोकसचा एकच बिंदू निवडला आणि वाट पाहिली. नवरदेवानं आईला सलाम करायला हातानं सेहरा बाजूला सारला, तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो जुन्या कॅमेऱ्याचा होता.

तेव्हा कॅमेरा घेणाऱ्यानं जाहिरातीतला वेग पाहू नये. आपलं काम कुठं अडतं, तिथं दोन्ही यंत्रं लावून पाहावीत. भाचा आता वरातीपुरता नवा कॅमेरा भाड्यानं आणतो. बांगड्या बहिणीच्या हातातच आहेत. आणि तो फोटो नवरदेवाच्या आईनं फ्रेम करून भिंतीवर लावलाय.