पिल्लांतला कोंबडा कसा ओळखावा?

न्यूयॉर्क शहरात घरामागे कोंबड्या पाळता येतात. कोंबडा पाळायला मात्र मनाई आहे. म्हणून पिल्लं आणली की पहिला प्रश्न असतो, यांत नर कोणता?

त्याआधी पिल्लं जगवायची. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवतात. पिल्लं ऊब देणाऱ्या दिव्याखाली दाटली तर त्यांना थंडी वाजते आहे, दूर पांगली तर उकडतं आहे.

६ ते ८ आठवड्यांत बऱ्याच जातींच्या नरांचा तुरा लाल, ठसठशीत होतो. पण खरी खात्री पिसांची. तीनेक महिन्यांनी नराच्या मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसं येतात. तलंगेची, म्हणजे तरुण मादीची, गोलसर राहतात. नुसत्या दांडगेपणावरून निवाडा करू नये, तलंगाही झुंजतात.

नर निघालाच, तर त्याच्यासाठी शहराबाहेरचं घर आधीच बघून ठेवावं.