शाळेचे अंगण आणि पावसाचे पाणी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाच्या पहिल्या सरीत शाळेच्या पत्र्यावरून, ओसरीवरून व क्रीडांगणावरून जे पाणी वाहून जाते, ते सहसा कोणाच्या विचाराचा विषय होत नाही. पाऊस पडला, अंगण धुऊन निघाले, एवढ्यावरच समाधान मानले जाते. परंतु अंगण धुऊन निघाले म्हणजे अंगणातील घाण नाहीशी झाली असे नव्हे. ती उताराने दुसऱ्याच्या दारी गेली. ती कोठे गेली व तिला अडविता कसे येईल, हा आजचा विषय होय.

ह्या जिल्ह्यापुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार दूर नाही. खाम नदी जटवाड्याच्या डोंगराकडून निघते, हर्सूलवरून शहरात शिरते, पाणचक्कीजवळून पुढे जाते आणि अखेर नाथसागरास मिळते. जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली व 1976 साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. ह्याच नाथसागराचे पाणी सुमारे 50 किलोमीटर अंतरावरून उचलून छत्रपती संभाजीनगरच्या नळांत आणले जाते. म्हणजे खामकाठच्या शाळेच्या गटारातून जे वाहून गेले, ते नदीवाटे त्याच जलाशयात उतरते, ज्यातून त्या शाळेतील मुलांच्या पाण्याच्या बाटल्या भरतात. जलशुद्धीकरण केंद्र आपले काम करते हे खरे. तथापि जे मुळात मिसळू न देणे सोपे होते, ते मागाहून वेगळे काढणे कठीण व खर्चाचे असते. खेड्यातील शाळेची गोष्ट तर ह्याहून जवळची. तिचे पाणी ओढ्यास मिळते, आणि गावची विहीर बहुधा त्या ओढ्याच्याच काठी असते.

शाळेचे अंगण ते केवढे, त्याने नदी कशी बिघडणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर पाचवीच्या मुलासही काढता येईल. अंगण 1,000 चौरस मीटर असेल आणि 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर 10,000 लिटर पाणी पडते. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस होतो असे धरले, तर एका अंगणावर सात लक्ष लिटर पाणी पडते. त्यातील काही जमिनीत मुरते, काहींची वाफ होते. परंतु फरशी, पत्रा व तुडवून घट्ट झालेली जमीन यांवरील बराचसा भाग वाहूनच जातो. शौचालयाचे सांडपाणी जेथे भुयारी गटारात जाते, तेथे ते शुद्धीकरणास पोहोचण्याचा संभव तरी असतो. पावसाचे पाणी मात्र वाटेत कोठेही न गाळता थेट नाल्यात पडते. अमेरिकेसारख्या देशातही कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रथम बंधने आली, आणि पावसाच्या वाहत्या पाण्याची वेगळी तरतूद कायद्यात 1987 साली करावी लागली.

हे ज्ञान ह्या भूमीस अगदीच नवे नव्हे. मलिक अंबर याने 1610 साली खडकी नगर वसविले व डोंगरातील पाझर भूमिगत नहरींनी शहरात आणले. नहरीवर ठिकठिकाणी उतरण्यासाठी तोंडे ठेवलेली होती, ती गाळ काढण्याकरिता. पाणी आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच वाट स्वच्छ राखणे महत्त्वाचे, हे त्या कारागिरांनी जाणले होते. पुढे देखभाल सुटली, वर वस्ती वाढली, आणि नहरींचे कित्येक भाग बुजले. अलीकडे खाम नदी पुन्हा स्वच्छ करण्याचे कार्य महानगरपालिका, छावणी परिषद व नागरिक यांनी हाती घेतले आहे. परंतु वरून घाण येतच राहिली, तर खाली उपसण्याचे काम कधी संपावयाचे नाही.

आता शाळेने करावयाचे काय, ते पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. पावसाळ्यातील पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सर्वांत मलिन असते, कारण उन्हाळाभर साठलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाचोळा व प्लास्टिक त्यातूनच वाहते. आणि नेमक्या त्या दिवसांत शाळेला कुलूप असते! मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. शाळा उघडते जूनच्या मध्यास. म्हणून पावसाळापूर्व स्वच्छता शाळा उघडल्यावर करण्याची रीत सोडून, छप्पर, पन्हळ व गटार ह्यांची सफाई सुटी लागण्यापूर्वी एकदा व मृगाच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या साह्याने पुन्हा एकदा व्हावी.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. पाचोळा जाळू नये. खड्ड्यात कुजवून परसबागेस खत करावे. खाऊच्या पुड्यांची वेष्टणे वेगळी ठेवून ग्रामपंचायतीच्या किंवा महानगरपालिकेच्या गाडीत द्यावीत. झाडून काढलेला कचरा गटारात लोटणे म्हणजे झाडणे नव्हे.

तिसरी गोष्ट पोषण आहाराच्या ओट्याची. भांडी व हात धुण्याचे खरकटे पाणी उघड्या गटारात न सोडता जाळीतून गाळून परसबागेकडे अथवा शोषखड्ड्याकडे वळवावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे नाहीशी केली व डासांचा उपद्रव कमी केला, हे उदाहरण महाराष्ट्रात परिचित आहे. मात्र काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही. खड्डा मुरमापर्यंत न्यावा, आणि विहीर व हातपंप यांपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास घ्यावा.

चौथी गोष्ट बांधकामाची. नवी खोली बांधून झाली की वाळू, चुना व सिमेंटचा ढीग अंगणातच राहतो आणि पहिल्या पावसात नाल्यात जाऊन बसतो. तो पावसापूर्वी उचलावा, निदान झाकून ठेवावा. रंगाचे ब्रश गटाराशी धुऊ नयेत. तण मारण्याचे औषध अंगणात फवारण्यापेक्षा खुरपे चांगले. उघड्या जमिनीवर गवत राखावे. ते माती धरून ठेवते.

पाचवी गोष्ट शौचालयाच्या टाकीची. ती भरून वाहू लागण्याची वाट न पाहता वेळेवर उपसून घ्यावी.

येथे एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. ही कामे मुलांकडून करवून घेण्याची नाहीत. गटार उपसणे, शौचालय धुणे, टाकीजवळ जाणे हे बालकांचे काम नव्हे. आणि झाडू नेहमी मुलींच्याच किंवा ठरावीक घरच्या मुलांच्याच हाती देणे, हा तर शिक्षणाचाच पराभव होय. मुलांचे काम पाहण्याचे व समजून घेण्याचे आहे. त्यांनी पाऊस थांबल्यावर अंगणाचा नकाशा काढावा, पाणी कोणत्या बाजूने बाहेर जाते तेथे बाण दाखवावा, पहिल्या व पाचव्या पावसाचे पाणी दोन काचेच्या बरण्यांत ठेवून गाळाची उंची मोजावी. भूगोल, गणित व विज्ञान हे तिन्ही विषय त्या दोन बरण्यांत सापडतील. बरणी हाताळल्यावर साबणाने हात धुण्यास मात्र विसरू नये.

जिल्ह्यातील बहुतेक पाणी गोदावरीकडे जाते, सोयगावकडील तापीच्या खोऱ्यात उतरते. कोणत्याही शाळेचे पाणी शाळेपाशी थांबत नाही. तेव्हा येत्या सुटीपूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने अंगणाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात एकदा उभे राहावे व तेथून पाणी कोणाच्या दारी जाते ते पाहावे. पुढील कामाची यादी तेथेच तयार होईल.