गोलरक्षकाचे दैव

फुटबॉलच्या मैदानावर एका संघाचे अकरा खेळाडू उतरतात. परंतु त्यांतील दहांचा धर्म एक आणि अकराव्याचा निराळा. दहांना चेंडूला हात लावण्याची मनाई, अकराव्याला मुभा. दहांचा पोषाख एका रंगाचा, अकराव्याचा दुसऱ्या. इतर खेळाडू दीड तास धावत असतात आणि हा मात्र चोवीस फूट रुंद व आठ फूट उंच अशा चौकटीपुढे बहुतेक वेळ नुसता उभा असतो. 1912 सालापर्यंत आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताने अडविण्याचा अधिकार त्याला होता. त्या वर्षी नियम बदलला आणि त्याचे हात पेनल्टी क्षेत्रापुरते बांधले गेले. पुढे 1992 मध्ये, स्वतःच्याच गड्याने पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेण्याचीही त्याला बंदी झाली. अधिकार असे आटत गेले. जबाबदारी मात्र तसूभरही कमी झाली नाही.

पुढच्या फळीतील खेळाडूने दहा वेळा चेंडू खांबाबाहेर मारावा आणि अकराव्यांदा गोल करावा, की लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोलरक्षकाने दहा चेंडू अडवावेत आणि अकरावा निसटावा, की पहिले दहा कोणाच्याच हिशेबी उरत नाहीत. म्हणूनच थोर गोलरक्षकांच्या कथा पाहू लागले, की त्यांनी अडविलेल्या चेंडूंपेक्षा न अडविलेल्या एखाद्या चेंडूपाशीच मन थबकते. त्या चेंडूनंतर त्यांना पुढचा सामना मिळाला की नाही, यावर त्यांची थोरवी पुष्कळदा ठरून गेलेली दिसते.

मोआसीर बार्बोसा या ब्राझिलियन गोलरक्षकाला तसा सामना जवळजवळ मिळालाच नाही. 1921 साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू रिओच्या व्हास्को द गामा संघाचा आधारस्तंभ होता. 1948 मध्ये त्या संघाने दक्षिण अमेरिकेतील विजेत्या संघांची स्पर्धा जिंकली, पुढच्याच वर्षी ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि या दोन्ही यशांत बार्बोसाचा वाटा होता. 1950 ची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्येच भरली. तीसाठी रिओ शहरात माराकानाचे प्रचंड क्रीडांगण बांधण्यात आले होते. त्या वर्षी नेहमीसारखा अंतिम सामना नव्हता. चार संघांचा एक शेवटचा गट होता आणि त्यात ज्याचे गुण अधिक तो जगज्जेता. ब्राझीलने स्वीडनचा 7-1 असा आणि स्पेनचा 6-1 असा फडशा पाडला. उरला उरुग्वे. त्याच्याशी नुसती बरोबरी साधली तरी चषक ब्राझीलचा होता. एका वृत्तपत्राने तर सामन्याआधीच आपल्या संघाचे छायाचित्र जगज्जेते म्हणून छापून टाकले होते.

16 जुलै 1950 रोजी तिकिटे घेऊन आत गेलेल्या प्रेक्षकांचाच आकडा पावणेदोन लाखांच्या घरात होता. प्रत्यक्षात गर्दी दोन लाखांच्या आसपास असावी असे मानतात. उत्तरार्धाच्या आरंभीच फ्रियासाने गोल करून ब्राझीलला पुढे नेले. त्यानंतर उरुग्वेचा उजव्या बगलेचा खेळाडू गिज्जा याने बचाव भेदला आणि मध्ये चेंडू दिला. स्कियाफिनोने तो जाळ्यात धाडला. तरीही बरोबरी ब्राझीलला पुरेशी होती. सामना संपायला अकरा मिनिटे उरली असताना गिज्जा त्याच वाटेने पुन्हा घुसला. येथे गोलरक्षकाच्या कामातला खरा पेच नीट पाहण्यासारखा आहे. बगलेवरून खेळाडू धावत येतो तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: चेंडू मध्ये द्यावा, किंवा जवळचा खांब आणि गोलरक्षक यांच्यामधल्या फटीतून स्वतःच मारावा. दोन्ही वाटा एकाच वेळी बंद करता येत नाहीत. मधल्या पासासाठी पाऊलभर पुढे सरकले की खांबाची फट उघडते, आणि खांबाला चिकटून राहिले की मधले मैदान मोकळे पडते. बार्बोसाने पहिला गोल कसा झाला हे थोड्याच वेळापूर्वी पाहिले होते. गिज्जा पुन्हा मध्येच चेंडू देणार, असा तर्क करून तो किंचित पुढे सरकला. गिज्जाने फटीतून मारला. बार्बोसाने मागे झेप घेतली. चेंडू जाळ्यात गेला.

उरुग्वे 2-1 असा जिंकला आणि माराकाना मूक झाले. बार्बोसाचा तर्क चुकला खरा. पण तो अविचाराचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्पर्धा पाहणाऱ्या पत्रकारांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून त्याचीच निवड केली होती. देशात मात्र दोषाचे माप त्याच्या पदरात पडले. त्याच्याबरोबर बिगोदे आणि जुव्हेनाल या दोन बचावपटूंनाही बोल लागले. हे तिघेही कृष्णवर्णीय होते, हा योगायोग मानणे कठीण आहे. ज्या पुढच्या फळीने आधीच्या दोन सामन्यांत तेरा गोल केले आणि त्या दिवशी फक्त एक केला, तिच्याकडे फारसे कोणी बोट दाखविले नाही. ब्राझीलचा पांढरा पोषाखही अपशकुनी ठरला आणि त्याजागी आजचा पिवळा आला. पोषाख बदलता येतो. माणसाने काय बदलावे?

त्यानंतर बार्बोसा देशासाठी एकच सामना खेळला, तो 1953 मध्ये. निवृत्त झाल्यावर त्याने माराकानाच्याच आवारात नोकरी केली. एकदा बाजारात एका बाईने आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून, साऱ्या ब्राझीलला रडविणारा माणूस तो हाच, असे सांगितल्याची आठवण तो सांगत असे. माराकानाचे जुने लाकडी गोलखांब त्याला भेट मिळाले आणि ते जाळून त्या विस्तवावर त्याने मांस भाजले, अशीही कथा आहे. ती खरी असो वा रचलेली, लोकांना ती खरी वाटावी हेच बोलके आहे. 1993 मध्ये राष्ट्रीय संघाचा सराव पाहायला तो गेला तेव्हा, त्याच्या दर्शनाने अपयश येईल म्हणून, त्याला आत सोडले नाही. ब्राझीलमध्ये कोणत्याही गुन्ह्याला तीस वर्षांहून अधिक शिक्षा नाही, आपली मात्र पन्नास वर्षे चालू आहे, असे तो म्हणे. 7 एप्रिल 2000 रोजी तो वारला.

आता याच्याशेजारी लेव्ह याशिनची कथा ठेवून पाहावी. 1929 साली मॉस्कोत जन्मलेला हा मुलगा युद्धाच्या दिवसांत कारखान्यात काम करी. दिनामो संघात आल्यावर सुरुवातीच्याच एका सरावसामन्यात समोरच्या गोलरक्षकाने दुरून मारलेला चेंडू घेताना तो स्वतःच्याच बचावपटूवर आदळला आणि चेंडू जाळ्यात गेला. त्यानंतर बरीच वर्षे तो राखीव खेळाडूंत बसला. त्या काळात तो बर्फावरच्या हॉकीतही गोलरक्षण करी आणि 1953 मध्ये त्या खेळाचा सोव्हिएत चषकही त्याच्या संघाने जिंकला. लहान, वेगवान गोळा अडविण्याच्या त्या सवयीचा त्याला पुढे उपयोग झाला असावा. गोलरक्षकाने खांबांमध्येच थांबावे ही जुनी समजूत त्याने मोडली. बचावफळीला ओरडून जागा दाखविणे, पुढे धावत येऊन धोका उगवतानाच खुडणे, चेंडू हाताशी येताच लांब फेकून आपल्या संघाची चढाई सुरू करणे, ही कामे आज प्रत्येक गोलरक्षक करतो; त्यांना प्रतिष्ठा याशिनमुळे आली.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाला 1-0 असे हरवून सुवर्णपदक घेतले, तेव्हा गोलरक्षक याशिनच होता. त्याच स्पर्धेत भारतीय संघ चौथा आला. भारताकडे पीटर थंगराज आणि मुंबईच्या माटुंग्याच्या मैदानांवर घडलेला एस. एस. नारायण असे दोन गोलरक्षक होते. सैन्यातून पुढे आलेल्या उंचापुऱ्या थंगराजच्या वाट्याला सहा वर्षांनी परीक्षेचा दिवस आला. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरविले होते आणि अंतिम सामन्यात गाठ पुन्हा त्याच संघाशी पडली. शिवाय इस्राएल व तैवान यांना वगळण्याविषयी भारतीय प्रतिनिधीने हरकत घेतल्यामुळे प्रेक्षकांचा रोष भारतावर होता. प्रशिक्षक रहीम यांनी आजारातून नुकत्याच उठलेल्या थंगराजला गोलात उभे केले. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले, कोरियाने अखेरीस एक फेडला, आणि 2-1 अशा फरकाने सुवर्णपदक भारताकडे आले.

त्याच वर्षी याशिनवर मात्र कठीण प्रसंग ओढवला. चिलीतील विश्वचषक स्पर्धेत कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघ 4-1 असा पुढे होता. कोलंबियाच्या मार्कोस कोलने मारलेली कॉर्नर किक कोणाचाही स्पर्श न होता थेट गोलात गेली, आणि पाहता पाहता सामना 4-4 असा सुटला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत चिलीने सोव्हिएत संघाला स्पर्धेबाहेर काढले. सामने मायदेशात फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिले; पण दोषी कोण हे सर्वांनी ठरवून टाकले. याशिन संपला, असे वृत्तपत्रे लिहू लागली.

फरक एवढाच, की दिनामोने त्याला संपू दिले नाही. 1963 च्या राष्ट्रीय साखळीत 27 सामन्यांत त्याने अवघे 6 गोल दिले. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडविरुद्ध उर्वरित जगाचा संघ वेम्ब्लीवर खेळला, त्या सामन्याच्या पूर्वार्धात याशिन गोलात होता आणि तोवर इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. वर्षअखेर युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा सोन्याचा चेंडू त्याला मिळाला. तो मिळविणारा दुसरा गोलरक्षक अद्याप झालेला नाही. इटलीच्या दिनो झॉफचेही काहीसे असेच. 1978 मध्ये दुरून आलेल्या फटक्यांनी तो हरला तेव्हा त्याच्या दृष्टीविषयी शंका घेण्यात आल्या. चार वर्षांनी, चाळिसाव्या वर्षी, कर्णधार म्हणून त्याने विश्वचषक उचलला. वाटेत ब्राझीलविरुद्ध अखेरच्या क्षणी ऑस्करच्या डोक्याचा चेंडू त्याने गोलरेषेवर नुसता अडविला नाही, तर धरून ठेवला.

पीटर बोनेटीला असा दुसरा दिवस मिळाला नाही. 1970 मध्ये मेक्सिकोत पेलेने डोक्याने जमिनीकडे हाणलेला चेंडू इंग्लंडच्या गॉर्डन बँक्सने उजवीकडे झेपावून खांबावरून उडविला. ती अडवणूक अजूनही फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ म्हणून दाखविली जाते, आणि तो सामना इंग्लंडने 0-1 असा गमावला हे पुष्कळांना सांगावे लागते! सातच दिवसांनी, पश्चिम जर्मनीशी सामना असताना, बँक्सचे पोट बिघडले. ऐनवेळी बोनेटी उभा राहिला. त्याआधी तो इंग्लंडकडून सहा सामने खेळला होता आणि सहाही इंग्लंडने जिंकले होते. इंग्लंडने दोन गोल केले. मग बेकेनबाउअरचा फटका बोनेटीच्या अंगाखालून गेला, झेलरने मागच्या बाजूने डोके लावून बरोबरी केली, आणि जादा वेळात म्यूलरने सामना संपविला. बोनेटी पुन्हा इंग्लंडकडून खेळला नाही.

जर्मनीच्या ऑलिव्हर कानने 2002 च्या विश्वचषकात अंतिम सामन्यापर्यंत एकच गोल दिला होता. योकोहामात रिव्हाल्दोचा फटका त्याच्या हातून निसटला, रोनाल्डोने तो आत ढकलला, आणि सामन्यानंतर कान बराच वेळ गोलखांबाला टेकून बसून राहिला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडेच गेला. 2006 च्या स्पर्धेत, स्वतःच्या देशात, त्याची जागा येन्स लेमानला देण्यात आली. या दोघांचे वैर जगजाहीर होते. बर्लिनमध्ये अर्जेंटिनाविरुद्धचा सामना पेनल्टींवर गेला तेव्हा कान लेमानजवळ गेला, त्याच्याशी चार शब्द बोलला आणि त्याचा हात हातात घेतला. मग लेमान उठला. अर्जेंटिनाचा कोणता खेळाडू चेंडू कोणत्या बाजूला मारतो, याची टिपणे लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पायमोज्यात होती. प्रत्येक फटक्यापूर्वी ती काढून पाहत त्याने दोन पेनल्टी अडविल्या. आठवड्यानंतर तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जर्मनीच्या गोलात कान उभा होता. देशासाठी तो त्याचा शेवटचा सामना, आणि जर्मनीने तो 3-1 असा जिंकला.