उघडणारी जोड

चामड्याला चामडे जोडायचे म्हटले की आपल्याला आरी आणि वादी आठवते. अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो. सारी शिवण कातड्याचीच. जोड कायमची ठेवायची असेल तर या शिवणीला तोड नाही. पण काही जोड पुन्हा उघडाव्या लागतात, आणि तिथे खरी अडचण येते.

पायाला कॅलिपर लावून शाळेत येणारे मूल तुमच्यापैकी काही शिक्षकांनी पाहिले असेल. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी त्याआधी पोलिओ झालेली माणसे आहेत, आणि इतर कारणांनी पायात बळ नसलेली मुलेही आहेत. कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या मजबूत असतात. झिजतात ते चामड्याचे पट्टे. घामाने कडक होतात, भोकापाशी फाटतात. ते रिव्हेटने ठोकलेले असले, तर रिव्हेट कापून काढावी लागते. त्यासाठी तालुक्याला खेप, म्हणजे घरच्यांची मजुरी बुडाली आणि मुलाची शाळाही.

अशा जागी दोन तुकड्यांचा स्क्रू कामाला येतो. एक तुकडा म्हणजे माथा असलेली पोकळ दांडी, आतून आटे पाडलेली. दुसरा म्हणजे तिच्यात फिरणारा आखूड स्क्रू. चामड्याच्या दोन्ही बाजूंना चपटे माथे येतात, टोक कुठेच टोचत नाही. कॅलिपर मापात बसविणे हे तज्ज्ञाचेच काम. पण झिजलेला पट्टा काढून त्याच मापाचा नवा लावणे गावातल्या चर्मकारालाही जमते. दप्तराचा बंद, कमरेच्या पट्ट्याचे बक्कल, बैलाच्या गळ्यातला घंटेचा पट्टा, इथेही हाच स्क्रू चालतो.

आता मेख आहे ती दांडीच्या लांबीत. तीन-तीन मिलिमीटरचे दोन पट्टे जोडायचे, तर जाडी झाली सहा. दांडी सहाची किंवा किंचित कमी हवी. आठची घातली तर धातूला धातू भिडतो, स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण चामडे आत सैलच राहते. ते हलते, भोक मोठे होते, आणि हलता हलता स्क्रूही ढिला पडतो. दांडी फार आखूड असली तर एखाद-दोनच आटे धरतात. नेमके माप मिळाले नाही तर लांब दांडी घ्यावी आणि चामड्याची गोल चकती मध्ये घालून जागा भरावी.

भोक गोल पंचानेच पाडावे, दांडी जेमतेम जाईल एवढे, आणि कडेपासून आत. सुरीने चीर पाडली तर ओढ पडताच ती चीर टोकापासून पुढे फाटत जाते. गोल भोकात ओढ सर्व बाजूंना वाटली जाते.

धातूही पाहून घ्यावा. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते. त्याला लोखंड आणि ओल भेटली की काळा डाग पडतो, आणि तो मग सहजी जात नाही. शाळेत हे सहज दाखविता येईल. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून ठेवा, काढा काळा होतो. आपल्या पूर्वजांची शाईची एक कृती याच गुणावर उभी होती! म्हणून अशा चामड्याला पितळी स्क्रू घ्यावा. तेलकट चामड्यात पितळेवरही हिरवट थर धरतो, पण तो फडक्याने निघतो.

राहता राहिले स्क्रू आपोआप सुटणे. चालताना धक्के बसतात, त्यामुळे हे होतेच. शेवटचे आवळण्यापूर्वी आट्यांवर नखांना लावायच्या पॉलिशचा एक थेंब सोडावा. वाळल्यावर ते स्क्रूला धरून ठेवते, आणि स्क्रू ड्रायव्हरने जोर दिला की सुटते. नवा पट्टा लावल्यावर आठवड्याने एकदा पुन्हा आवळून पाहावे, कारण नवे चामडे दाबाखाली थोडे बसते. आणि एक जादा स्क्रू मुलाच्या कंपासपेटीत ठेवून द्यावा.