पत हेच पहिले भांडवल
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



वित्त आणि तंत्रज्ञान यांच्या संयोगातून जो नवा व्यवसाय उभा राहिला आहे, आणि ज्याला तरुण मंडळी ‘फिनटेक’ असे सुटसुटीत नाव देतात, त्याविषयी आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. कारण उघड आहे. अशा उद्योगांना आपल्या संस्थेच्या निधीतून भांडवल द्यावे, अशी सूचना काही तरुण सभासदांनी पुढे आणली आहे. सूचनेमागील उमेद स्तुत्य आहे. तथापि तिच्यावर मत देण्यापूर्वी हा धंदा सुरू कसा होतो, त्याला पैसा कोण देतो आणि तो वाढतो कशाने, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पैशाचा धंदा आपल्या प्रांताला नवा नाही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढे दोनच वर्षांत मुंबईस शामराव विठ्ठल व पुण्यास कॉसमॉस या संस्था निघाल्या, आणि १९१८ साली सारस्वत बँकेचा पाया घातला गेला. यांपैकी शामराव विठ्ठल आणि सारस्वत या संस्था तर ज्ञातिबांधवांच्या परस्परविश्वासातूनच जन्मल्या. कर्ज मागणारा कोणाचा कोण, तो शब्दाला जागणारा आहे काय, हे पंचमंडळींस ठाऊक असे. आज हीच पारख खात्यावरील जमाखर्च, वेळेवर भरलेली बिले व पूर्वी फेडलेले हप्ते पाहून यंत्राकरवी केली जाते. साधन बदलले, पण ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा सोपवायचा त्याची पत पाहावी लागते, हे मूळ तत्त्व जसेच्या तसे आहे.

असा उद्योग बहुधा एखाद्या अडचणीतून जन्म घेतो. नितीन कामत हे स्वतः शेअरबाजारात सौदे करीत. व्यवहाराच्या रकमेवर टक्केवारीने घेतली जाणारी दलाली लहान गुंतवणूकदारास जाचक होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. २०१० साली बंगळूर येथे त्यांनी व त्यांचे बंधू निखिल यांनी ‘झिरोधा’ काढली आणि सौदा केवढाही असो, दलाली वीस रुपयांहून अधिक नाही, असा दर ठेवला. शून्य आणि रोध हे दोन शब्द जोडून ते नाव बनले आहे. बाहेरच्या भांडवलदाराचा पैसा त्यांनी घेतला नाही. जी मिळकत झाली तीच पुन्हा धंद्यात घातली. वाढ प्रथम मंद होती. परंतु कोणाच्या तगाद्याखाली ती करावी लागली नाही.

दुसरा मार्ग साहसी भांडवलाचा. हे भांडवल देणारा गृहस्थ व्याज मागत नाही, तो कंपनीचे भाग मागतो. तो अनेक ठिकाणी पैसा घालतो आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी तो बुडेल हे गृहीत धरूनच घालतो. एखाद-दुसऱ्या कंपनीने कित्येक पटींनी परतफेड केली की त्याचा हिशेब जुळतो. म्हणूनच सावकाश वाढणारी, बेताचा नफा देणारी कंपनी त्याच्या उपयोगाची नसते. शिवाय गणितही ध्यानी घ्यावे. संस्थापकांनी प्रत्येक फेरीत शेकडा वीस भाग दिले, तर पहिल्या फेरीनंतर त्यांच्याकडे ८०, दुसरीनंतर ६४ आणि तिसरीनंतर जेमतेम ५१ टक्के उरतात. चौथ्या फेरीला घर आपले असले तरी किल्ल्या दुसऱ्याकडे जातात.

या मार्गाचे ठळक उदाहरण ‘पेटीएम’चे. विजय शेखर शर्मा यांनी २००० साली स्थापिलेल्या कंपनीने २०१० साली ही सेवा सुरू केली. पुढे चीन व जपान येथील बड्या भांडवलदारांनी तीत पैसा ओतला. किरकोळ दुकानदारांस मोबाइलवरून पैसे स्वीकारण्याची सवय लावण्यात तिचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांस विकलेला तिचा भाग बाजारात आला, तो पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्क्यांनी उतरला. आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने, नियमपालनातील सततच्या त्रुटी दाखवून, तिच्याशी संलग्न असलेल्या पेमेंट्स बँकेस नव्या ठेवी घेण्यास मनाई करणारा हुकूम काढला. भांडवल विपुल होते. उणीव निघाली ती अन्यत्र.

आणखी एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. २०१६ साली मुंबईच्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ‘यूपीआय’ आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील तिचे व्यवहार हजार कोटींच्या वर गेले. परंतु खात्यातून खात्यात होणाऱ्या अशा व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेऊ नये, असा नियम जानेवारी २०२० पासून झाला. रस्त्यावर रहदारी वाढली म्हणून काठावरच्या प्रत्येक दुकानाचा गल्ला भरतो, असे नाही. म्हणून अशा कंपन्या कर्जे मिळवून देणे, विमा विकणे यांकडे वळतात. आणि कर्ज देणे सोपे, वसूल करणे कठीण, हे आपल्या पतपेढीच्या कोणत्याही चिटणिसास विचारावे!

कायद्याचा उंबरठाही लक्षात ठेवावा. ग्राहकांचे पैसे व्यापाऱ्यांकडे पोचविण्याचा धंदा करू पाहणाऱ्या कंपनीपाशी परवान्याचा अर्ज करतानाच १५ कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य असावे, आणि तिसऱ्या आर्थिक वर्षाअखेर ते २५ कोटींवर न्यावे, अशी रिझर्व्ह बँकेची अट आहे. ग्राहकांचा पैसा स्वतंत्र राखीव खात्यात ठेवावा लागतो. तो मालकाच्या पैशात मिसळता येत नाही. ही बंधने जाचक वाटतील, परंतु परक्याचा पैसा हाताळणाऱ्यास ती असलीच पाहिजेत.

आता प्रस्तुत सूचनेविषयी. आमचे नम्र मत असे की, संस्थेचा निधी या कामी लावू नये. तो विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी व निराधार भगिनींच्या साहाय्यासाठी दात्यांनी दिलेला आहे. बुडण्याची तयारी ठेवूनच जे भांडवल द्यावयाचे, ते विश्वस्तांनी दुसऱ्याच्या ठेवीतून देणे सर्वथा अनुचित होय. ज्या सधन बंधूंना रक्कम गेली तरी झोप लागेल, त्यांनी ती स्वतःच्या खिशातून अवश्य द्यावी.

मग संस्थेने काही करू नये काय? पुष्कळ करावे. आपल्यांत बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत. त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ अशा तरुणांस द्यावी, त्यांचे हिशेब कठोरपणे तपासावेत, आणि परवान्याचे, वसुलीचे व ग्राहकाच्या तक्रारीचे प्रश्न आधीच विचारावेत. भांडवलदार हे प्रश्न उशिरा विचारतो; घरच्या वडीलधाऱ्यांनी ते वेळीच विचारावेत. आणि तरुणांनी इतकेच ध्यानी धरावे की, भांडवल एकदा गेले तर पुन्हा उभारता येते. पण ठेवीदाराचा विश्वास गेला म्हणजे दुकानाची पाटी उतरवावी लागते.