चाळ सोडण्यापूर्वी

(वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील रहिवाशांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



माझ्या आधी चार वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्या बालपणाच्या आठवणी सांगितल्या. त्या ऐकताना सभेत हशा पिकला, काहींचे डोळेही पाणावले. परंतु मी पडलो वकील. मला त्या आठवणींत पुरावा दिसला, आणि तो पुरावा आपण जुन्या सामानाबरोबर रद्दीत घालण्याच्या बेतात आहोत हेही दिसले. त्याविषयीच मी आज बोलणार आहे.

१९२० साली निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, नळ सामाईक, संडास सामाईक. आता त्या पाडल्या जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी येथील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. नवे घर ५०० चौरस फुटांचे आहे. मला त्याचा आनंदच वाटतो. संडासापुढे डबा घेऊन रांगेत उभे राहण्यात कोणतेही वैभव नव्हते. ज्यांना ते दिवस आता गोड वाटू लागले आहेत, त्यांनी एकदा आपल्या आईला विचारून पाहावे.

‘चाळीत आम्ही सारे एका कुटुंबासारखे राहत होतो’, असे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. अपुरे आहे, एवढेच म्हणतो. याच वरळीत ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव दगडाने मारले गेले. त्या दिवसांत कोणत्या चाळीच्या गच्चीवरून दगड येत होते आणि कोणत्या चाळीच्या बाया रात्रभर जिन्यात जागत बसत होत्या, हे सांगणारी माणसे आजही या सभेत बसली आहेत. एक आजी मला म्हणाल्या, “नळ सरकारचा होता रे बाबा, पण आमचा हंडा लागला की शेजारीण आपला हंडा बाजूला ओढायची.” आठवणी सांगावयाच्या तर त्या हंड्यासकट सांगितल्या पाहिजेत.

आता धर्मांतराची गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली. मुंबईचा दीक्षा समारंभ १६ डिसेंबरला व्हावयाचा होता. त्याऐवजी ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर, बाबासाहेबांच्या चितेजवळ, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. त्याच आजी त्या दिवशी आठ वर्षांच्या होत्या आणि वडिलांच्या खांद्यावर होत्या. घरी परतल्यावर वडिलांनी देव्हाऱ्यातील टाक फडक्यात बांधले आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात सोडले. परंतु एक टाक आईने पदराच्या गाठीत लपवून ठेवला होता, तो तिने वर्षभराने स्वतःच्या हाताने आणून दिला. आजींना ही गोष्ट सांगण्याचा संकोच वाटत होता. माझ्या मते संकोच करण्याचे काहीही कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती सोडण्यास त्या बाईला एक वर्ष लागले, आणि तिने ती सोडली. हे तसेच लिहून ठेवले पाहिजे.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. ही बेरीज जगाला ठाऊक आहे. पण तुमच्या आजोबांनी प्रगणकाला दिलेले उत्तर तुम्हाला न्यायालयात आणता येत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने त्या वह्या पाहता येत नाहीत आणि पुराव्यातही घेता येत नाहीत. म्हणजे सरकारजवळ आपली संख्या आहे, आपली साक्ष नाही.

साक्षीची गरज कोठे पडते? आपल्या वडिलांनी स्वाभिमानाने मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ असे लिहविले. पुढे १९६० साली महाराष्ट्र सरकारने आणि १९९० साली केंद्राने बौद्धांना सवलतींचा हक्क दिला, परंतु त्यासाठी पूर्वाश्रमीची जात आणि १० ऑगस्ट १९५० रोजीचे कुटुंबाचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्याने जात टाकली त्यानेच ती कागदोपत्री शोधून आणावयाची! ही विटंबना आहे खरी. पण ती विटंबना आहे म्हणून मुलीचा कॉलेजातील प्रवेश थांबत नाही असे नव्हे.

अशाच एका मुलीचे प्रकरण माझ्याकडे आले होते. आजोबांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढेच होते आणि कचेरीने अर्ज परत केला होता. गावच्या कोतवाल बुकाची पाने वाळवीने खाल्लेली. तेव्हा तिची आजी सहज बोलून गेली की, हे लहानपणी दोन वर्षे भायखळ्याला मामाकडे राहून शिकत होते. त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात १९४७ सालची नोंद निघाली, जातीसह. मुलीचे काम झाले. आजी त्याच पावसाळ्यात वारली. ती चार महिने आधी गेली असती, तर भायखळ्याचे नाव आम्हाला कोणी सांगितले असते?

कायद्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही-अक्षर खरे आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते. म्हणून ट्रंकेच्या तळाची भाडेपावती संक्रमण शिबिरात जाताना फेकू नका. दुसरे असे की, नातेसंबंधाची विशेष माहिती असलेल्या माणसाने तंटा उद्‌भवण्यापूर्वी त्याविषयी केलेले विधान त्याच्या मृत्यूनंतरही पुराव्यात येऊ शकते. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ‘तंटा उद्‌भवण्यापूर्वी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अर्ज नामंजूर झाल्यावर आजोबांकडे धावण्यात उशीर झालेला असतो.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता मी आणि माझे दोन वकील मित्र विहारात बसणार आहोत. कॉलेजातील काही मुले-मुली वह्या घेऊन येतील. पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने यावे. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनी खोली क्रमांक कळवावा, आम्ही वर येऊ. गाव, आईचे माहेर, पहिली शाळा, मुंबईत प्रथम कोणाकडे उतरलात, दीक्षा कोठे घेतली, एवढे आधी सांगावे. हंड्याचे आणि टाकाचे मग सावकाश लिहून घेऊ. चहाची व्यवस्था महिला मंडळाने केली आहे.

जय भीम.